तीन उड्यांची नोंद

४ फेब्रुवारी
वसतिगृह, खोली क्रमांक अकरा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार घालायला जमिनीवर पालथं पडावं लागतं, आणि जमिनीशी माझं सध्या फारसं जमत नाही. तेव्हा बसल्या जागेवरून हात जोडते, गोड मानून घे.

फोन का केला नाही म्हणशील. माझ्या 'हॅलो'वरूनच तू सगळं ओळखतेस. शिवाय संध्याकाळी तू जेवायला बाबांकडे असतेस आणि बाबा फोन स्पीकरवर टाकतात, म्हणजे काळजी सगळ्यांना सारखी वाटली जावी. म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर.

आज माझं एकटीचं सातवं उड्डाण झालं. वर गेल्यावर काही वाटत नाही गं. भीती मी खाली धावपट्टीवरच ठेवून जाते. पंचाईत एवढीच की परत यायचं असतं तिथेच, आणि ती हललेली नसते.

उतरण्याची रीत तुला ठाऊक आहे. शेवटच्या दहा-पंधरा फुटांवर विमानाचं नाक हळूच वर धरून ठेवायचं, म्हणजे मागची दोन चाकं आधी टेकतात. नाकाखालचं पुढचं चाक नाजूक, ते सगळ्यांत शेवटी. आज विमान टेकलं आणि चेंडूसारखं उडालं. अशा वेळी शहाण्या माणसाने इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जावं आणि नव्याने उतरावं. मी घाबरून दांडा पुढे ढकलला, म्हणजे नाक खाली. ते पुढच्या चाकावर आपटलं, परत उडालं, परत आपटलं. असं तीनदा. तिसऱ्यांदा माझे दात एकमेकांवर वाजले. मग विमान आपोआप शहाण्यासारखं चालायला लागलं.

कोणी पाहिलं नाही. आमचे कॅप्टन, ज्यांना आम्ही 'हूं' म्हणतो, कारण ते त्याखेरीज काही म्हणत नाहीत, ते नेमके आत फोनवर होते. टॉवरवाल्याच्या डोळ्यांवर मावळतं ऊन. खोलीतल्या जिराफने तेवढं विचारलं, "तोंड का पांढरं पडलंय तुझं?" (उंच आहे. विमानात बसली की गुडघे हनुवटीला टेकतात.) म्हटलं, ऊन लागलं. ती म्हणाली, "उन्हाने काळं पडतं." आणि चहा करायला गेली.

ते विमान आज संध्याकाळी रेडिओच्या दुरुस्तीला हँगरमध्ये गेलं, आठवडाभर बाहेर येणार नाही. म्हणजे तशी घाई नाही.

आत्या, एक विचारू? कोणाचं काही बिघडलेलं नसेल, तरी सगळं सांगायलाच हवं का? सांगितलं तर मला मागे ओढतील. लवकर लिही.

तुझी
टिटवी

---

८ फेब्रुवारी
शिक्षकखोली, खिडकीजवळची मोडकी खुर्ची

चि. टिटवीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले दोन पुढच्या चाकासाठी वेगळे काढून ठेव.

तुझं पत्र शिपायाने आठवीच्या वर्गात आणून दिलं. मी ते धडा म्हणून उघडलं आणि 'दात एकमेकांवर वाजले' इथे पोचल्यावर मुलांना लेखन करायला सांगितलं. मुलं अजून लिहिताहेत बहुतेक.

आमच्या संस्कृत व्याकरणात एखादा शब्द मधली सूत्रं ओलांडून एकदम पुढच्या सूत्रात जाऊन बसतो. त्याला मंडूकप्लुती म्हणतात, म्हणजे बेडकाची उडी. मोठमोठ्या पंडितांनी ती चालवून घेतली आहे. तेव्हा तू तीन उड्यांत मुक्कामी पोचलीस तर मी कोण बोलणार? बेडूक पोचल्याशी कारण.

मी घाबरलेली नाही. स्टुलावर चढून बल्ब बदलायला मी शेजारच्या काकांना बोलावते हे खरं, पण तो तत्त्वाचा प्रश्न आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दादाला अजिबात सांगू नकोस. त्याचा रक्तदाब आधीच तुझ्यापेक्षा उंच उडतो. त्याला कळलं तर तो गाडी काढून तिकडे येईल आणि तुला सामानासकट मागे ओढेल, हे तुझं अनुमान शंभर टक्के बरोबर. तुला तिकडे पाठवावं म्हणून मी त्याच्याशी दोन महिने भांडले आहे, ते सगळं पाण्यात जाईल. कोणाचं काही बिघडलेलं नाही, कोणी विचारलेलं नाही, मग आपण होऊन सांगणं हा सत्याचा नव्हे, पोटदुखीचा प्रकार. गप्प बसायलाही शास्त्राधार असतो. नाही सापडला तर मी तयार करून देईन, एवढी वर्षं उगाच नाही शिकवलं.

वहिनी विचारते, तिकडे नीट जेवतेस का. 'नीट' या शब्दाची तिची व्याख्या तुला माहीत आहे.

तुझी
आत्या

---

१३ फेब्रुवारी

आत्या,

काल जिराफचा अपघात झाला. ती जिवंत आहे. हे आधी लिहिते.

तिचं एकटीचं उड्डाण होतं. मी हँगरच्या दारात उभी होते, माझा नंबर तिच्यानंतर. ती छान खाली आली. थोडी जोरात टेकली, पण आम्ही सगळेच तशी कधी ना कधी टेकतो. मागची चाकं टेकली, मग पुढचं टेकलं, आणि पुढचं चाक नव्हतंच. म्हणजे दुमडलं. माणसाचा गुडघा मागून कोणी मारल्यावर जातो तसं. नाक जमिनीत गेलं, पंख्याची पाती फुलासारखी वळली, आणि विमान तसंच घासत धावपट्टी सोडून गवतात गेलं. आवाज फार मोठा नव्हता. पत्र्याची पेटी ओढावी तेवढाच.

मी धावले. पेट्रोलचा वास येत होता. कॅप्टन माझ्या पुढे होते, या वयात इतकं पळतात हे माहीत नव्हतं. जिराफ पट्ट्यात लटकलेली होती. कपाळ फुटलं होतं, उजवा हात मनगटाशी भलत्याच बाजूला वळला होता, तोंडातून रक्त येत होतं. आणि ती एकच विचारत होती, "माझं काय चुकलं? मी नाक धरलं होतं ना? माझं काय चुकलं?" गाडीत घालेपर्यंत विचारत होती. माझ्याकडे बघून विचारत होती.

जबडा बांधलाय. मनगटात पट्टी बसवलीय. कपाळाला नऊ टाके.

इथे सगळे म्हणतात नाक आपटलं तिने. तिच्या नावावर आधीच दोन 'जोरात उतरल्याच्या' नोंदी आहेत. सत्तावीस तारखेला चौकशी आहे, तिसरी झाली की नाव काढून टाकतात.

तुझं पत्र मला अकराला मिळालं. विमान मी चार तारखेला चालवलं होतं तेच होतं. रेडिओ नीट होऊन परवाच बाहेर आलं होतं.

जेवण जात नाही. घरी सांगू नकोस.

टिटवी

---

१७ फेब्रुवारी
शाळा

चि. टिटवी,

पत्र वाचून मी शिक्षकखोलीच्या पायरीवर बसले. कोणीतरी पाणी आणलं. मी म्हटलं, उन्हामुळे.

बाळा, तू परत ये. मी हे लिहिते आहे, जिने दादासमोर हात नाचवून 'मुलीला आकाश आहे' वगैरे भाषणं केली होती. ती भाषणं मी मागे घेते. आकाशाला माझी हरकत नाहीच, जमीन मध्ये येते. त्याच विमानात आठ दिवस आधी तू होतीस, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दात घासताना येतं, फळ्यावर लिहिताना येतं. भय हा स्थायीभाव आहे असं मी वर्षानुवर्षं शिकवते. स्थायी म्हणजे काय ते या आठवड्यात कळलं. पाहुणा म्हणून आला आणि खाट मांडून बसला.

काल नववीला 'पत्' धातू होता. उडणे आणि पडणे, दोन्ही अर्थ. मी म्हटलं आज रूपं नकोत, निबंध लिहा. पोरं खूश.

दादाला सांगितलेलं नाही. जेवताना त्याने विचारलं, टिटवीचं काय पत्र? मी म्हटलं, अभ्यास चाललाय. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि भाजी वाढून घेतली.

त्या मुलीबद्दल फार वाईट वाटतं. पण एवढी उंच मुलगी, पाय नीट मावत नाहीत म्हणतेस, तिला मुळात त्या डबीत बसवायलाच नको होतं. चुकलं असेल तिचं काही. चुकतं माणसाचं. यापुढे तिने जमिनीवर राहावं आणि तूही. इथल्या महाविद्यालयात जागा आहेत, मी चौकशी केली आहे.

ये. तिकीट मी पाठवते.

आत्या

---

२० फेब्रुवारी

आत्या,

जिराफचं काही चुकलं असं पुन्हा लिहू नकोस.

मी तुला चार तारखेला अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं आज लिहिते.

हँगरच्या दारात खिळ्याला एक वही टांगलेली असते, दोरीने बांधलेली पेन्सिल तिच्यासोबत. विमान जोरात उतरलं, उड्या मारल्या, पुढचं चाक आपटलं, तर उतरल्यावर आधी त्या वहीत लिहायचं. मग पाणी प्यायचं, मग रडायचं असेल तर रडायचं. तारीख, विमानाचा नंबर, काय झालं, आपली सही. लिहिलं की ते विमान जागेवर थांबतं. मिस्त्रीकाका इंजिनावरचं झाकण काढून आतला आधार तपासतात, ज्यावर पुढच्या चाकाचा पाय बसवलेला असतो. बाहेरून कितीही फेऱ्या मारून बघितलं तरी तो दिसत नाही. वहीत नसेल तर ते झाकण कोणी काढत नाही.

लिहिणाऱ्याचं एकट्याचं उड्डाण बंद होतं. पुन्हा कॅप्टन शेजारी बसणार, पुन्हा पहिल्यापासून. 'मला मागे ओढतील' असं मी लिहिलं होतं ते हे. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा होती.

मी त्या संध्याकाळी वहीपाशी गेले होते. पेन्सिल हातात घेतली होती. मागून कोणीतरी म्हणालं, काय गं, तू पण? म्हटलं, छे, टोक करतेय. आणि खरंच टोक करून ठेवून आले.

मग आठ दिवस ते विमान हँगरमध्ये उभं होतं. मिस्त्रीकाका रेडिओचं काम करत होते. त्यांच्या हातापासून तो आधार दोन हातांवर. मी रोज तिथून जात होते. रोज ठरवायचे, आत्याचं पत्र आलं की सांगू.

तुझं पत्र आलं. तू बाबांबद्दल लिहिलं होतंस हे मला पहिल्या ओळीत कळलं. तरी मी 'कोणी विचारलेलं नाही, मग आपण होऊन सांगणं' हे वाक्य उचललं आणि माझ्या कामाला लावलं. तू म्हटलंयस ना, म्हटलं. दुसऱ्या दिवशी जिराफ त्यात बसली. जाताना म्हणाली, "तुझा नंबर आधी घे, तुझा चेहरा बरा नाही, लवकर सुटशील." मी नको म्हटलं.

तिच्या नावावरच्या दोन नोंदी आहेत ना, त्या दोन्ही तिने स्वतः लिहिलेल्या आहेत. दोन्ही वेळा कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या नावावर एकही नाही. कॅप्टन सगळ्यांसमोर माझी उड्डाणांची वही दाखवतात, बघा, स्वच्छ.

मी तिच्याकडे दवाखान्यात रोज जाते. ती पाटीवर लिहून विचारते, काय चुकलं असेल गं. मी म्हणते, विचार करू नकोस.

कॅप्टननी काल वर नेलं मला. पन्नास फुटांवर हात दांड्याला चिकटले. सोडवेनात. कॅप्टननी उतरवलं. खाली आल्यावर म्हणाले, "हूं. मैत्रिणीमुळे होतं असं."

सांगितलं तर मलाच काढतील. नाही सांगितलं तर तिला. सत्तावीसला सात दिवस आहेत. मला फार भीती वाटते, आत्या. आता विमानाचीच फक्त नाही.

टिटवी

---

२३ फेब्रुवारी
तातडीच्या टपालाने

टिटवी,

शाळेत रजा टाकून घरी बसून लिहिते आहे. दार लावलं आहे.

आधी माझं. चार तारखेच्या तुझ्या पत्रात 'कोणाचं काही बिघडलेलं नसेल' असं लिहिलेलं होतं. ज्याला खात्री असते तो 'नसेल' लिहीत नाही. आठवीच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत मी ते पकडलं असतं. तुझ्या पत्रात नाही पकडलं, कारण मला बेडकाचा विनोद सुचला होता आणि तो कधी एकदा लिहिते असं झालं होतं. आयुष्यभर लोकांनी माझ्या विनोदांना दाद दिली, त्याची ही किंमत दुसऱ्याच्या मुलीने मोजली. वर मी लिहिलं, तिचं चुकलं असेल. तिला तोंड उघडता येत नसताना लिहिलं.

यात तुझा वाटा कमी होत नाही. तुला हे वाचून बरं वाटलं असेल तर पुन्हा वाच.

आता तुझं. सांग. सत्तावीसच्या आधी सांग. कॅप्टनांच्या आधी जिराफला सांग, कारण ती सगळ्यांना विचारते आहे आणि उत्तर फक्त तुझ्याकडे आहे. पाटी तिच्या हातात असू दे. माफ कर असं लगेच म्हणू नकोस. ते म्हटलं की समोरच्यावर काम पडतं. आधी नुसतं काय झालं ते सांग, तारखेसह.

ती तुला माफ करणार नाही असं धरून चाल. कॅप्टन काढून टाकतील असंही धर. मी तुला कुठलंच आश्वासन देऊ शकत नाही. माझं आठ तारखेचं पत्र हवं तर बरोबर ने. दाखव. तसा सल्ला देणारी बाई होती हे त्यांना कळू दे.

'परत ये' असं मी मागच्या वेळी लिहिलं. ते खोडते. आता आलीस तर पळून आलीस असं होईल, आणि ते घेऊन तू आपल्या घरात कुठे बसशील मला सुचत नाही.

दादाला आज मी सगळं सांगितलं. माझ्यासकट. तो गाडी काढेल असं वाटलं होतं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आत येऊन म्हणाला, "तिने सांगितलं का त्या मुलीला?" मी म्हटलं, अजून नाही. म्हणाला, "मग मी आत्ता फोन करत नाही. तिने सांगितल्यावर करतो."

आत्या

---

२ मार्च

तीर्थरूप आत्या, नमस्कार.

सव्वीसला सांगितलं.

जिराफ उशीला टेकून बसली होती. तारखेसह सांगितलं, तू म्हटलंस तसं. तीन उड्या, वही, पेन्सिलीला टोक, आठ दिवस. ती पाटीवर काहीतरी लिहायला लागली, मग पाटी ठेवली आणि बांधलेल्या जबड्यातूनच बोलली. नीट कळलं मला. म्हणाली, "आठ दिवस मी तुला चहा करून देत होते." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मी बराच वेळ बसले. नर्स म्हणाली, पेशंटला झोपू द्या. ती झोपली नव्हती.

तिथून थेट कॅप्टनकडे. त्यांनी ऐकलं. 'हूं' म्हटलं नाही. मला हँगरमध्ये घेऊन गेले, मिस्त्रीकाकांसमोर उभं केलं आणि म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. काका उठले, मोडलेला आधार फडक्यात गुंडाळून ठेवला होता तो आणून बाकावर ठेवला. तुटलेल्या कडेची अर्धी बाजू चकचकीत होती आणि अर्धी मळकट, तेलाने काळी. काका म्हणाले, "चकचकीत आहे ती बारा तारखेची. मळकी आधीची. किती आधीची आणि कोणाची, ते धातू बोलत नाही. मी विचारत होतो सगळ्यांना, आधी कोणी आपटलं होतं का. सगळे नाही म्हणाले." त्या सगळ्यांत मीही होते. चौदा तारखेला विचारलं होतं. हे तुला लिहिलं नव्हतं.

म्हणजे कदाचित माझ्यामुळे, कदाचित आणखी कोणामुळे, कदाचित थोडं तिच्यामुळेही. कधीच कळणार नाही. मला वाटलं होतं सांगितल्यावर निदान एक काहीतरी ठरेल.

सत्तावीसला जिराफचं नाव काढायचा विषय मागे पडला. माझी परीक्षा रद्द. एकटीचं उड्डाण बंद, कधी सुरू होईल ते कॅप्टन ठरवणार. तोवर सकाळी मिस्त्रीकाकांच्या हाताखाली चाकं धुवायची आणि आधार तपासताना दिवा धरायचा. काढून का टाकलं नाही विचारलं, तर कॅप्टन म्हणाले, "काढलं तर तू दुसरीकडे जाऊन शिकशील. मला तू डोळ्यांसमोर हवीस." यात माया होती की शिक्षा, मला कळलं नाही.

तुझं पत्र नेलं नाही. दाखवलं असतं तर मी ते पुढे धरून उभी राहिले असते.

जिराफने दवाखान्यातून निरोप पाठवून खोली बदलून घेतली. पलीकडच्या इमारतीत, खोली चार. तिचा पलंग रिकामा आहे. मधल्या टेबलावर तिचा चहाचा कप राहिलाय, तो पोचवायची माझी हिंमत होत नाही.

काल कॅप्टनबरोबर पुन्हा वर गेले. पन्नास फुटांवर पुन्हा तेच. धावपट्टी अंगावर येते. अक्षरशः कोणी चादर झटकून माझ्याकडे फेकावी तशी. या वेळी कॅप्टननी हात लावला नाही. म्हणाले, "तू नाही उतरवलंस तर आपण दोघं पेट्रोल संपेपर्यंत फिरू." सहा वेळा पुन्हा वर गेले. सातव्यांदा उतरवलं. उतरल्यावर हँगरच्या मागे जाऊन ओकले.

बाबांचा फोन आला होता. तीन मिनिटं. स्पीकरवर नव्हतं, एवढं कळलं.

टिटवी

---

२६ एप्रिल
शिक्षकखोली

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. किती अनेक, ते मोजायचं सोडून दिलं आहे.

गेल्या आठवड्यात फोनवर तू 'झालं, ठीक झालं' एवढंच म्हणालीस आणि मीही त्याहून जास्त विचारलं नाही. तू पुन्हा एकटी वर गेलीस आणि खाली आलीस, एवढं ऐकून मी वर्गात गेले आणि चुकून एकाच तासात सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. ते आता परत घेता येत नाहीत.

तुझ्यापासून एक लपवलं आहे, ते सांगते. मार्चच्या दहाला मी जिराफला पत्र लिहिलं होतं. तुझी रदबदली केली नाही, घाबरू नकोस. माझं आठ तारखेचं आणि सतरा तारखेचं काय काय होतं तेवढं लिहिलं, आणि तिचं चुकलं असेल असं म्हटल्याबद्दल माफी मागितली. म्हणजे तुला जे करू नको म्हटलं होतं ते स्वतः केलं, ही आपली घरची परंपरा. सहा आठवडे उत्तर नव्हतं. आज आलं. उतरवून देते, एकही शब्द न बदलता:

"आत्या, (दुसरं काय म्हणायचं कळत नाही, ती सारखी तेच म्हणायची.) तुमचं पत्र पोचलं. उजवा हात अजून नीट धरत नाही, म्हणून अक्षर असं. तुम्ही लिहिलंत की दोष तुमचाही आहे. एवढा दोष तुमच्याच घरात हवा असेल तर वाटून घ्या, माझी हरकत नाही. माझ्या वाट्याला कपाळावरची खूण आलीय, ती पुरे.

तुमच्या भाचीशी मी बोलत नाही. बोलेन असंही नाही. ती सकाळी चाकं धुताना दिसते, मी दुसऱ्या बाजूने जाते.

परवा तिला पुन्हा एकटीला सोडलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, फळ्यावर नाव दिसलं. मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. कशाला, ते विचारू नका. महिनाभर मला वाटत होतं की तिने पण पडावं. हात मोडण्यापुरतं. हे लिहून टाकते, कारण तुमच्याकडे सगळं लिहायची पद्धत दिसते.

विमान खाली यायला लागलं आणि मला घाम फुटला. माझ्या वेळी मला एवढी भीती वाटली नव्हती, तेव्हा वेळच नव्हता. ते टेकलं आणि उडालं. आत्या, मी 'वर जा, वर जा' असं ओरडत होते. तिला ऐकू जाणार नव्हतं. ती गेली वर. परत फिरून आली. दुसऱ्यांदा टेकलं ते बसलंच. मी गवतात बसले. मग ती हँगरकडे गेली, वहीत काहीतरी लिहिलं, विमान थांबवलं. ज्यांचे नंबर गेले त्यांनी तिला शिव्या दिल्या. मीही दिल्या असत्या.

मी परत केव्हा उडेन माहीत नाही. तुमच्या भाचीला हे काही सांगू नका."

पत्र संपलं. सही केलेली नाही.

वाचल्यावर मी तिला लगेच उलट टपालाने कळवलं: 'तुझं सगळं मान्य, शेवटची ओळ सोडून. मी सांगते आहे. माझ्यावर रागव, पत्त्यासकट नाव तुझ्याकडे आहे.' ते पत्र तिला हे तुला मिळेल त्याच दिवशी मिळेल, असा हिशेब करून टाकलं आहे.

तुझ्या उडीबद्दल तू मला फोनवर बोलली नाहीस. वहीत लिहिलंस, म्हणून चालेल.

तिचं मूळ पत्रही सोबत घालते आहे. कागद तिचा आहे, माझ्याकडे राहायला नको. खोली चार, पलीकडची इमारत. टपालाने पाठवू नकोस आणि दाराखालून सरकवू नकोस. तिच्या हातात नेऊन दे. कपही ने.

तुझी
आत्या